पोह्यावर तर्री किती? नागपूरच्या कार्यक्रमांत डीजेनं आपली आवड कशी बसवावी

बयाणा द्यायला आलेली माणसं बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात, "भाऊ, सगळी गाणी आहेत ना तुमच्यापाशी?" गाणी सगळ्यांपाशीच असतात. कोणत्या गाण्यामागे कोणतं लावायचं, ते कुठून उचलायचं आणि कुठे तोडायचं, हे मात्र पेनड्राइव्हमध्ये भरून मिळत नाही. डीजेची आवड खरी दिसते ती तिथे. तर्री-पोह्याच्या गाडीवर पोहे सगळ्यांचे सारखेच असतात, फरक पडतो तो तर्रीनं, म्हणजे वरून ओतायच्या झणझणीत रश्श्यानं, आणि गाडीवालासुद्धा ती ओतण्याआधी "कमी की जास्त?" विचारतो.

पुढचं सगळं मुख्यतः लॉनवरची लग्नं, हळद, रिसेप्शन धरून लिहिलं आहे, कारण नागपुरात डीजेचं पोट त्यावर चालतं. लाउंज आणि मिरवणुकीचं शेवटाकडे येईल.

बयाण्याच्या दिवशी काय विचारायचं

पैसे देणारा आणि नाचणारा माणूस सहसा वेगळा असतो. वडिलांशी व्यवहार ठरतो, फ्लोअर भरतं ते नवरीच्या बहिणी आणि नवरदेवाचे मित्र यांच्यामुळे. म्हणून तिघांशी बोला: नवरा-नवरीपैकी एक, घरातली नाचणारी एक व्यक्ती आणि एक मोठं माणूस. प्रत्येकाकडून "हवीच" अशी दहा गाणी आणि "नकोच" अशी पाच गाणी घ्या. दुसरी यादी जास्त मोलाची. घरात नुकतंच कोणी गेलं असेल आणि त्या माणसाचं आवडतं गाणं तुम्ही भर रिसेप्शनमध्ये लावलं, तर पुढची वीस मिनिटं कोणी नाचत नाही.

मग पाहुणे कुठून येणार ते विचारा. गोंदिया-भंडाऱ्याकडचं वऱ्हाड असेल तर धुमालचा (मिरवणुकीतल्या ढोलपथकाचा) ठेका आणि छत्तीसगढी गाणी लागतील. जरीपटक्याकडचं सिंधी कुटुंब असेल तर यादी वेगळी. बालाघाट-छिंदवाड्याकडची मंडळी हिंदीवर नाचतात, अमरावती-यवतमाळकडची मराठी गाण्यावर लवकर उठतात. हे ठोकताळे आहेत, विचारून खात्री करायचीच. मात्र हा प्रश्न न विचारणारा डीजे पहिला अर्धा तास अंधारात चाचपडतो.

नवरदेव व्हॉट्सअ‍ॅपवर १२० गाण्यांची यादी पाठवतो तेव्हा हिशोब तिथल्या तिथे मांडून दाखवा. साडेसहा ते दहा म्हणजे २१० मिनिटं. त्यातून प्रवेश, हार, केक, फोटोसाठी थांबणं, दोन भाषणं आणि एकदा लाइट जाणं यात ५०-६० मिनिटं जातात. उरली १५०. सरासरी अडीच मिनिटांचं गाणं धरलं तर ६० गाणी. १२० बसणार नाहीत हे त्याला त्या दिवशी कळलं तर वाद होत नाही. लग्नाच्या रात्री कळलं तर होतो.

दहाचा काटा

सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत लाउडस्पीकर चालत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण लग्न आहे म्हणून ती सूट आपोआप मिळत नाही. त्यामुळे लॉनवर संध्याकाळ उलटीकडून मोजायची.

९:५० ते ९:५७ उतरता भाग. ९:३० ते ९:५० "हवीच" यादीतलं जे उरलं असेल ते. ८:४५ ते ९:३० सगळ्यात वरचा जोर. ८ ते ८:४५ वेगवेगळ्या पिढ्यांना एकेकदा उठवणारी गाणी, म्हणजे एक जुनं हिंदी, एक मराठी, एक नव्वदीतलं, एक चालू वर्षाचं. आणि ६:३० ते ८, म्हणजे लोक येतात, सूप पितात, नातेवाइकांना शोधतात, तो वेळ तुमचा. या दीड तासात निम्मी गाणी स्वतःच्या आवडीची लावली तरी कोणी हरकत घेत नाही. फक्त आवाज बोलणं ऐकू येईल इतका खाली आणि वेग ८५ ते १०० बीपीएमच्या (मिनिटाला ठोक्यांच्या) आत ठेवा. आठनंतर मात्र दहात एक हे प्रमाण. नाचाच्या ३५-४० गाण्यांत तुमची तीन-चार, त्याहून जास्त नाहीत.

नागपुरात वरात वेळेवर पोचेल असं धरून चालणं हा भोळेपणा आहे. आठची वरात नऊला आली की वरचं सगळं गणित कोसळतं. तेव्हा कात्री आधी स्वतःच्या गाण्यांना लावायची, मग पिढ्यांच्या भागाला. "हवीच" यादीला हात लावायचा नाही.

आणखी एक. वरातीसोबत धुमाल किंवा संदलसारखं ढोलपथक असेल, तर आत येणाऱ्यांच्या कानात अर्धा-पाऊण तास नुसते ढोल घुमलेले असतात. त्यावर लगेच आणखी जोराचं गाणं लावलं की लोक सरळ जेवणाकडे वळतात. पहिली १०-१५ मिनिटं गळा, म्हणजे गायकाचा आवाज, पुढे असलेली, ९०-१०० बीपीएमची गाणी द्या. तुमच्या संग्रहात सुरेल, मोकळ्या मांडणीचं काही असेल तर त्याची जागा नेमकी इथे आहे.

कोणतं आवडतं गाणं लॉनवर मरतं

हेडफोनमध्ये अंगावर येणारा टेक्नोचा तुकडा लॉनवर पोकळ का वाजतो, यात लोकांच्या आवडीचा दोष नसतो. उघड्या जागेत बासला भिंतींचा आधार मिळत नाही. लहान बजेटच्या कामात १५ इंची दोन टॉप (मुख्य स्पीकर) आणि खोल बासचा सबवूफर नाहीच, असा संच असेल तर साधारण ५० हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही, आणि त्या गाण्याचा सगळा जीव ४०-५० हर्ट्झमध्येच असतो. उरते ती टिक-टिक. अशा संचावर आपली गाणी निवडताना मधल्या पट्टीत काहीतरी घडतंय ना ते पाहा: गिटार, सिंथची धून, टाळ्या, गळा. सब असतील तर ती वेगळी गोष्ट, पण शेजारच्या सोसायटीची पहिली तक्रारही बासबद्दलच येते. वस्ती जवळ असेल तर हाय-पास फिल्टर लावून ४० हर्ट्झच्या खालचा आवाज कापून ठेवा. सब चुकवून टॉपवर आवाज चढवणं हा उपाय नाही, त्यानं हॉर्न फाटतात आणि समोरच्या खुर्च्यांवरच्या आजी उठून जातात.

लायब्ररीचे चार कप्पे

सॉफ्टवेअर कोणतंही असो, रेकॉर्डबॉक्स, सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजे, गायकाच्या नावानं लावलेले फोल्डर ऐन वेळी कामाला येत नाहीत. चार कप्पे करा. "हमखास", साधारण ६० गाणी. "जोड", ४० गाणी: लोकांना ओळखीची वाटतात, पण तुमच्या आवडीच्या जवळ आहेत. "आपली", ३०, जास्त नाहीत. आणि "सुटका", फक्त १०: पहिल्या पाच सेकंदांत ओळखू येणारी, रिकामं फ्लोअर परत भरणारी. सुटकेची गाणी जपून वापरा. रात्रीत तीनपेक्षा जास्त लागली तर चूक आधीच कुठेतरी झाली आहे.

सगळ्यात जास्त मेहनत "जोड"वर घ्या. बहुतेक जण हा कप्पा करतच नाहीत. ओळखीच्या गाण्यावरून थेट अनोळखी गाण्यावर उडी मारतात, फ्लोअर रिकामं होतं, आणि मग "नागपूरच्या लोकांना म्युझिक कळत नाही" म्हणून मोकळे होतात.

प्रत्येक गाण्यावर तीन हॉट क्यू, म्हणजे एका बटणात त्या जागी नेणाऱ्या खुणा, लावून ठेवा: ठेका सुरू होतो तिथे, मुखडा किंवा हुक (डोक्यात बसणारा तुकडा) सुरू होतो तिथे आणि बाहेर पडायच्या जागी. फाइल ३२० केबीपीएस एमपी३ किंवा वॅव. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल घरच्या स्पीकरवर चालून जाते, लॉनवर वरची पट्टी कर्कश होते.

जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची दोन दुखणी आहेत. एक, ती हळू आवाजात मुद्रित झालेली असतात, म्हणून गेन (त्या एका गाण्याची आवाजपातळी) आधी जुळवून ठेवा. मास्टर फेडर ढकलू नका, कारण पुढचं नवं गाणं मग लाल दिव्यात जातं. दोन, वादकांनी एकत्र बसून वाजवलेलं असल्यामुळे वेग सरकतो. १०२ ला सुरू झालेलं गाणं शेवटी १०५-१०६ ला पोचतं. सॉफ्टवेअरनं आखलेला बीटग्रिड (ठोक्यांची आखणी) सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चुकीचा निघतो, आणि वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंकवर भरवसा ठेवला की दोन ठेके एकमेकांवर घोडे उधळल्यासारखे पळतात. अशा गाण्यातून बाहेर पडताना शेवटच्या चार मात्रांचा लूप धरा, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवा, त्या लूपचा वेग पुढच्या गाण्याला जुळवा, मग मिक्स करा. किंवा जुळवाजुळव सोडून इको देऊन तोडा.

जी गाणी मनापासून आवडत नाहीत पण लावावीच लागतात, त्यांच्याशी करार करता येतो. बहुतेक नाचाच्या गाण्यांत दुसऱ्या अंतऱ्याला फ्लोअर ढिलं पडतं. तिथे पोचायच्या आधीच, ७५ ते ९० सेकंदांत बाहेर पडा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतःची आवृत्ती करून ठेवली तर आणखी चांगलं: सुरुवातीला १६ मात्रांचा नुसता ठेका, मग मुखडा, हुक, एक अंतरा, हुक, आणि शेवटी पुन्हा १६ मात्रा. लोकांना त्यांचं गाणं मिळतं, तुम्हाला तुमची मांडणी.

आपलं गाणं आत सरकवण्याची रीत

नियम साधा: आपलं गाणं एकटं सोडायचं नाही. आधी "जोड", मग "आपलं", मागे "हमखास". आणि मागचं गाणं आपलं सुरू करायच्या आधीच दुसऱ्या डेकवर (प्लेअरवर) तयार करून ठेवलेलं असावं. फ्लोअर रिकामं होताना लायब्ररीत शोधाशोध करणारे हात लांबूनही दिसतात.

समजा तुमचं गाणं १२४ बीपीएमचं हाउस आहे. १२० ते १२८ मधलं ओळखीचं हिंदी गाणं "जोड" म्हणून घ्या. दुसरा हुक संपत आला की त्यातल्या गळ्याचा आठ मात्रांचा लूप धरा. स्टेम, म्हणजे गळा, ठेका, बास असे भाग, वेगळे करणारी सोय असेल तर फक्त गळा ठेवा, नसेल तर लो ईक्यू (बासची कळ) पूर्ण खाली घ्या. त्याखाली तुमच्या गाण्याची ३२ मात्रांची सुरुवात सोडा. १२४ ला ३२ मात्रा म्हणजे सुमारे साडेपंधरा सेकंद. तेवढा वेळ लोकांच्या कानात ओळखीचे शब्द आहेत आणि पायाखाली तुमचा ठेका आहे. पुढच्या फ्रेजच्या (३२ मात्रांच्या तुकड्याच्या) पहिल्या मात्रेला गळा काढा. एका वेळी एकाच गाण्याचा बास वाजू द्या, दोन बास एकत्र आले की आवाज चिखलासारखा होतो. तुमचं गाणं चार ते सहा फ्रेज, म्हणजे ६० ते ९० सेकंद चालवा आणि ते रंगात असतानाच बाहेर या. पूर्ण पाच मिनिटं ऐकवायचा मोह घरी पूर्ण करावा.

दोन गाण्यांच्या वेगात फरक ४ टक्क्यांच्या आत असेल तर पिच (वेगाची कळ) बदलून चालतं. ६ टक्क्यांच्या पुढे सूर न बदलू देणारा की-लॉक असूनही गळा प्लॅस्टिकचा वाटायला लागतो. म्हणजे १०० चं गाणं १०४ पर्यंत नेता येईल, १२४ पर्यंत नाही. तिथे ओढाताण करण्यापेक्षा इको देऊन एक मात्रा शांतता, आणि नव्या गाण्याचा हुक. गळा वर ठेवून मिसळणार असाल तर गाण्याची पट्टीही (सूर) पाहा. पट्ट्यांना आकडे देणाऱ्या कॅमेलॉट चाकावर ८ए असेल तर ७ए, ९ए आणि ८बी चालतात. नुसतं तोडून जाणार असाल तर पट्टीची चिंता नको.

मराठी गाण्यांत आणखी एक खाच आहे. कोळीगीतं, बऱ्याच लावण्या आणि मिरवणुकीची कितीतरी गाणी तिस्र अंगानं चालतात, एका ठोक्यात तीन. हाउस आणि बहुतेक हिंदी नाचगाणी चतस्र. बीपीएमचा आकडा जुळला तरी दोन्ही एकमेकांवर ठेवली की ठेका लंगडतो, आणि आकडा बरोबर असल्यामुळे डीजेला आपलं काय चुकतंय तेच कळत नाही. दोन्ही एकत्र वाजवूच नका. सम आली की तोडा. ठेक्याची ओढ टिकवायची असेल तर तिस्र अंगाची तालवाद्यं असलेला आफ्रो हाउसचा तुकडा मध्ये घाला. आपल्या आवडीला मराठी फ्लोअरवर आत यायची ही सगळ्यात मोकळी वाट आहे, आणि नागपुरात ती फार कमी जण वापरतात.

फ्लोअर कसं वाचायचं

मधल्या पोट्ट्यांकडे पाहून काही ठरवू नका, ते जनरेटरच्या आवाजावरही नाचतील. काठावर पाहा. काठावरच्या बायका आत सरकताहेत की पर्स उचलताहेत? खुर्चीवरच्यांचे पाय हलताहेत का? अनोळखी गाण्याला ३२ मात्रा द्या, त्याआधी घाबरून तोडू नका, कारण लोक पहिले दहा सेकंद नुसते ओळखायचा प्रयत्न करत असतात. तीसपैकी आठ-दहा जण अर्ध्या मिनिटात निघाले तर पुढच्या फ्रेजला "हमखास" आणा. दोन-तीनच गेले आणि बाकीच्यांचे खांदे हलताहेत, तर चालू द्या.

जेवणाचे काउंटर उघडले की फ्लोअर रिकामं होतंच. भरीत-भाकरीच्या वासापुढे कोणतंच गाणं टिकत नाही. तो तुमच्या गाण्याचा पराभव धरू नका आणि त्या वेळी "सुटका" वाया घालवू नका. त्या वीस मिनिटांत खुशाल आपली दोन गाणी वाजवून घ्या.

मे महिन्यातली दुपारी चारची हळद हे वेगळंच प्रकरण. ४४-४५ अंशांत मंडपाखालीही कोणी पाच मिनिटांच्या वर नाचत नाही, तेव्हा सलग जोराची गाणी रचू नका. एक जोराचं, दोन बसून टाळ्या वाजवण्याची, असा क्रम धरा. लॅपटॉपचीही काळजी घ्या: अ‍ॅपलच्या मॅकबुकसाठी कंपनीनं दिलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची आहे. उन्हात तो तापून मंद होतो आणि गाणं अडखळतं. सावली, खाली हवा खेळेल असा स्टँड आणि पंखा द्या. कूलरची ओली हवा कन्सोलवर थेट घेऊ नका. आणि दुसऱ्या यूएसबीवर किंवा फोनमध्ये तासाभराचा तयार मिक्स असू द्या.

फर्माईश

"भाऊ, ते लाव ना बे!" हे वाक्य रात्रीत तीस वेळा ऐकू येईल. उत्तर ठरलेलं असावं: "हाव काका, दोन गाणी झाली की लावतो." आणि लावायचं ठरवलं असेल तरच हे म्हणा. नाहीतर "यादी घरच्यांनी दिली आहे, त्यांना विचारतो" एवढं बोला. थेट "नाही" म्हटलं की पिलेला माणूस कन्सोलला टेकून उभा राहतो आणि पेला मिक्सरवर सांडतो. कन्सोलच्या पुढे एक टेबल आडवं लावून ठेवा.

फर्माइशींचा क्रम असा: नवरा-नवरी, घरचे, आत्ता नाचत असलेले, आणि सगळ्यात शेवटी कन्सोलपाशी उभे असलेले. नाचणाऱ्याचं गाणं आधी लावा, कारण तो आधीच आत आहे आणि आणखी चौघांना ओढून आणतो. एकच गाणं दुसऱ्यांदा मागितलं तर निदान पाऊण तासाचं अंतर ठेवा आणि दुसरी आवृत्ती लावा. शिवीगाळीचे बोल आणि दुसऱ्या समाजाला डिवचणारी गाणी कोणीही मागितली तरी लावायची नाहीत. माइकही कोणाच्या हातात द्यायचा नाही, नाव पुकारायचं असेल तर चिठ्ठी घ्या.

फर्माइशी आवडीच्या आड येतात असं वाटतं, पण त्या फुकट मिळालेली माहिती आहेत. तिघांनी नव्वदीतली गाणी मागितली तर तुमच्या "जोड" कप्प्यातली त्या काळच्या चालीवर केलेली नवी मांडणी काढायची वेळ झाली आहे.

जिथे आपली तर्री नकोच

१४ एप्रिलच्या मिरवणुकीतली भीमगीतं, विसर्जनाची गाणी, रामनवमीच्या शोभायात्रेतली भजनं: इथे लोक शब्दांसाठी उभे असतात. ओळ मध्येच तोडू नका, दुसऱ्या गाण्याचा ठेका खाली घालू नका, अंतरा पूर्ण होऊ द्या. दीक्षाभूमीच्या शहरात भीमगीताखाली आयटम साँगचा ठेका घालणाऱ्याला लोक तिथेच थांबवतात, आणि ते योग्यच आहे. तुमचं कसब आवाज स्वच्छ ठेवण्यात आणि क्रम लावण्यात दिसू द्या.

चालत्या गाडीवर, मग ती मारबतीच्या मिरवणुकीतली असो की गणपतीच्या, रस्त्याकडेला उभ्या माणसाला तुमची गाडी दोन-तीन मिनिटंच ऐकू येते. हळूहळू चढत जाणाऱ्या रचना तिथे वाया जातात. प्रत्येक दोन मिनिटांत एक पूर्ण हुक आलाच पाहिजे.

आवडीला तिचं घर द्या

आठवड्यात कुठेच मनासारखं वाजवलं नाही की ती तहान लग्नात बाहेर येते, आणि लग्नवाले ते का सोसतील? लाउंजमध्ये पहिला तास मागून घ्या. रात्री आठ-नऊला तिथे दहा-बारा टेबलं असतात, मुख्य डीजेला तो तास नकोच असतो. फक्त त्या तासात १२८ चे हिट वाजवून तुमच्यानंतर येणाऱ्या मुख्य डीजेचं पान खाऊ नका. ४०-५० माणसांच्या कॅफेत महिन्यातून एक संध्याकाळ एकाच प्रकारच्या संगीताची ठरवा आणि पोस्टरवर तो प्रकार स्पष्ट लिहा, म्हणजे फर्माईशवाला चुकून येणार नाही. हॉटेल-कॅफेत मुद्रित गाणी वाजवायला परवाना लागतो, तो मालकाकडे आहे का ते आधी विचारा. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) खाली सूट आहे, कॅफेला नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरची हिस्टरी उघडून दहा मिनिटं बसा आणि "आपली" मधल्या प्रत्येक गाण्यापुढे लिहा: किती वाजता लागलं, आधी काय होतं, माणसं राहिली की गेली. तीन वेगवेगळ्या फ्लोअरवर, तीन वेगवेगळ्या वेळी पडलेलं गाणं त्या कप्प्यातून काढा, कॅफेसाठी ठेवा. दोनदा टिकलेलं गाणं "जोड"मध्ये हलवा. रिकाम्या झालेल्या जागी नवं गाणं भरा, आणि पुढच्या लॉनवर ते सातच्या सुमाराला, सूपच्या वेळी वाजवून पाहा.